हार्ड डिस्क पुन्हा महाग का होतेय, आणि खोक्यावरचे आकडे नक्की काय सांगतात?

गेल्या काही महिन्यांत नवीन पीसी असेंबल करायला गेला असाल, तर दुकानदाराकडून "आजचा रेट आज, उद्याचं उद्या बघू" हे ऐकलंच असेल. रॅमबद्दल तर सगळीकडे बोललं गेलं. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपला क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा प्रकरण किती गंभीर आहे हे सगळ्यांना कळलं. पण या रांगेत आणखी एक वस्तू गुपचूप येऊन उभी राहिलीये. ती म्हणजे डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये बसणारी, हातात जड लागणारी, चालू असताना बारीक खरखर करणारी ३.५ इंची हार्ड डिस्क.

सप्टेंबर २०२५ मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या हार्ड डिस्कच्या किमती वाढवत असल्याचं ग्राहक कंपन्यांना कळवलं. जानेवारी २०२६ च्या अखेरीस तिमाही निकाल आले तेव्हा याच कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं, की २०२६ या वर्षाचा माल जवळजवळ सगळा आधीच विकला गेलाय. त्याच आठवड्यात सीगेटनेही तेच सांगितलं, त्यांच्या मोठ्या क्षमतेच्या डिस्कचं वर्षभराचं उत्पादन वाटून झालंय. वर्ष सुरू होऊन एक महिनाही झाला नव्हता!

तुम्ही म्हणाल, आमचं सगळं फोनवर आहे, आम्हाला याचं काय? तर फोनवरचं 'सगळं' खरोखर फोनवर नसतं. गूगल फोटोजमध्ये टाकलेला व्हिडिओ, ड्राइव्हमधली पीडीएफ, इन्स्टाची रील, हे कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये असतं आणि तिथला बराचसा साठा आजही फिरणाऱ्या हार्ड डिस्कवरच आहे. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट सोय बंद झाली आणि सगळं १५ जीबीत मोजलं जाऊ लागलं. तेव्हापासून अनेक घरांत एक उपाय निघाला : घरच्या पीसीत एक मोठी हार्ड डिस्क टाकायची आणि फोन रिकामा करायचा. आता नेमकी तीच डिस्क महाग झालीये, आणि महागाईच्या मागोमाग बाजारात फसवणूकही आलीये. म्हणून या वेळी डिस्क घेताना खोक्यावरचं वाचता येणं गरजेचं आहे.

तीनच कंपन्या, आणि त्यांना आपली गरज नाही

एकेकाळी हार्ड डिस्क बनवणाऱ्या डझनावारी कंपन्या होत्या. २०११ मध्ये सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदा सीगेटने घेतला, २०१२ मध्ये हिताचीचा वेस्टर्न डिजिटलने. आता जगात उरल्या तीन : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. दुकानात दिसणारं चौथं नाव असेल, तर आत माल या तिघांपैकीच कुणाचातरी असतो.

२०१० च्या आसपास वर्षाला ६० कोटींहून जास्त हार्ड डिस्क विकल्या जात. मग एसएसडी आली. लॅपटॉपमधून डिस्क गेली, मग साध्या पीसीमधूनही जायला लागली. आज नगांची संख्या त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी आहे. कंपन्यांनी कारखाने आवरले, माणसं कमी केली आणि लक्ष एकाच गिऱ्हाइकाकडे वळवलं, ते म्हणजे क्लाउड कंपन्या. वेस्टर्न डिजिटलच्या महसुलातला सुमारे ९० टक्के वाटा आता क्लाउडवाल्यांकडून येतो. दुकानातून खोकं उचलणारे तुम्ही-आम्ही पाच टक्क्यांच्या आसपास.

त्यात एआयचा बूम आला. मॉडेल शिकवायला लागणारा डेटा, लोकांनी बनवलेले एआय व्हिडिओ, त्यांच्या प्रती, जुन्या नोंदी, हे सगळं एसएसडीवर ठेवणं परवडत नाही. एका टीबीमागे हार्ड डिस्क अजूनही एसएसडीपेक्षा कितीतरी पटींनी स्वस्त पडते. त्यामुळे मागणी वाढली. पण कंपन्या नवे कारखाने उघडायला तयार नाहीत. मागच्या तेजीनंतर माल अंगावर पडला होता, तो चटका त्यांच्या लक्षात आहे. त्या म्हणतात, नग वाढवणार नाही, एका नगात जास्त टीबी बसवू. २४ आणि ३० टीबीच्या डिस्कला लागणारे हेड आणि तबकड्या त्याच साखळीतून येतात, ज्यातून आपली २ टीबीची डिस्क येते. कारखान्यातला वेळ एकच असेल तर तो कुणाला मिळणार, हे सांगायला नको.

असंच एकदा २०११ च्या ऑक्टोबरमध्ये झालं होतं, कारण मात्र वेगळं होतं. थायलंडमध्ये महापूर आला, वेस्टर्न डिजिटलचे कारखाने पाण्यात गेले आणि काही आठवड्यांत जगभर डिस्कच्या किमती भडकल्या. पण त्यातली एक गोष्ट लोक विसरलेत. किमती वाढलेल्या असतानाच, वर्ष संपता संपता, सीगेटने काही बॅराकुडा डिस्कची वॉरंटी एका वर्षावर आणली आणि वेस्टर्न डिजिटलने आपल्या ब्लू-ग्रीन डिस्कची तीनवरून दोन वर्षांवर. म्हणजे टंचाईत भाव वाढतोच, शिवाय त्या भावात मिळणारं कमीही होतं. आताही डिस्क घेताना किमतीइतकंच वॉरंटीच्या वर्षांकडे बघा.

आता खोकं हातात घ्या

पहिला आकडा क्षमतेचा. १ टीबीची डिस्क लावली की विंडोज ९३१ जीबी दाखवतं आणि लोक दुकानदाराशी भांडायला जातात. इथे त्याचा दोष नाही. कंपनी १ टीबी म्हणजे एक लाख कोटी... नको, सरळ सांगतो : १ वर बारा शून्यं, इतके बाइट धरते. विंडोज १०२४ च्या पाढ्याने मोजतं आणि तरी नाव जीबीच देतं. मापं दोन, नाव एक. ८ टीबीची डिस्क त्यामुळे ७.२७ दिसते. यात काही चोरीला गेलेलं नसतं.

दुसरा आकडा, '६ जीबी पर सेकंद'. हा सर्वात जास्त फसवतो. आधी तर तो जीबी नाही, गीगाबिट आहे. आणि तो डिस्कचा वेग नाही, साटा नावाच्या केबल-जोडणीची कमाल मर्यादा आहे. त्यातून सेकंदाला साधारण ६०० एमबी जाऊ शकतात. डिस्क स्वतः मोठी फाइल वाचताना १५० ते २५० एमबीच्या आसपास असते, भरत आली की आणखी कमी, कारण आतल्या बाजूचं वर्तुळ लहान असतं. सहा पदरी रस्त्यावर रिक्षा चालवली तर ती रिक्षाच्याच वेगाने जाणार ना?

तिसरा, आरपीएम. ७२०० आरपीएम म्हणजे तबकडी सेकंदाला १२० फेरे मारते. एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर न्यायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे इकडे-तिकडे विखुरलेल्या छोट्या फाइली वाचायच्या तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास खेपा होतात, जास्त नाही. एसएसडीला एवढ्या वेळात हजारो खेपा जमतात. विंडोज ११ हार्ड डिस्कवर टाकलं की टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते आणि पीसी मिनिटभर गोठतो, त्यामागे हेच गणित आहे. डिस्क बिघडलेली नसते, तिला चुकीच्या कामाला लावलेलं असतं. विंडोज आणि गेम्स एसएसडीवर ठेवा, २५६ जीबीची असली तरी चालेल. फोटो, व्हिडिओ, सिनेमे हार्ड डिस्कवर ठेवा.

आरपीएमवरूनही एक गंमत झाली होती. २०२० मध्ये काही लोकांना संशय आला, की वेस्टर्न डिजिटलच्या '५४०० आरपीएम क्लास' लिहिलेल्या काही डिस्क प्रत्यक्षात ७२०० वर फिरतायत. त्यांनी काय केलं, तर डिस्कचा आवाज रेकॉर्ड केला आणि त्याची फ्रीक्वेन्सी बघितली. ५४०० असती तर घूं ९० हर्ट्झवर आली असती, ती आली १२० वर. तुमच्या फोनचा माइकही हे करू शकतो! जास्त वेगाने फिरते म्हणजे फायदाच की, असं वाटेल. पण वीज, उष्णता आणि आवाज जास्त, आणि ज्याने मुद्दाम शांत डिस्क म्हणून घेतली त्याला ते सांगितलं नव्हतं. तो 'क्लास' शब्द तेवढ्यासाठीच होता.

जे खोक्यावर लिहिलेलंच नसतं : कौलं

आता मुख्य मुद्दा. डेस्कटॉप डिस्क घेताना एकच गोष्ट तपासायला वेळ असेल तर ही तपासा : डिस्क सीएमआर आहे की एसएमआर.

तबकडीवर डेटा गोल गोल ट्रॅकमध्ये लिहिला जातो. सीएमआर या नेहमीच्या पद्धतीत ट्रॅक शेजारी शेजारी असतात, मध्ये बारीक फट. एसएमआरमध्ये एक ट्रॅक दुसऱ्यावर थोडा चढवतात. कोकणातल्या घराचं कौलारू छप्पर आठवा, प्रत्येक कौल खालच्यावर थोडं चढलेलं असतं. लिहिणारं हेड रुंद असतं, वाचणारं अरुंद. त्यामुळे कौलाची उघडी पट्टी वाचायला पुरते आणि तेवढ्याच तबकडीत जास्त डेटा मावतो. कंपनीला तबकड्या कमी लागतात, खर्च वाचतो.

पण छपराच्या मधलं एक कौल बदलायचं असेल तर काय करतो आपण? वरची कौलं काढावी लागतात, ते बदलायचं, मग सगळी परत बसवायची. एसएमआर डिस्कला मधली एक छोटी फाइल बदलायची म्हटलं तरी हेच करावं लागतं, आख्खा पट्टा वाचून परत लिहायचा. हे लपवण्यासाठी डिस्कमध्ये एक तात्पुरती जागा असते. आधी तिथे पटापट लिहून घेतलं जातं आणि नंतर निवांत वेळी छप्पर शाकारलं जातं. म्हणून सुरुवातीचे काही जीबी झकास वेगाने जातात. मग ती जागा भरते आणि वेग इतका कोसळतो की वाटतं केबल निघाली.

रोज थोडे फोटो टाकणाऱ्याला हे कधी जाणवणारही नाही, आणि त्यासाठी एसएमआर चांगलीच आहे. एकदा भरून ठेवायची आणि वाचत राहायची, या कामाला तिच्यात काही वाईट नाही. ड्रॉपबॉक्ससारखी कंपनी २०१८ पासून मुद्दाम एसएमआर वापरतेय, कारण तिला माहीत आहे आणि तिने आपलं सॉफ्टवेअर तसं लिहिलंय. माझा आक्षेप एसएमआरवर नाही, न सांगता विकण्यावर आहे. एप्रिल २०२० मध्ये उघड झालं, की वेस्टर्न डिजिटलच्या रेड या मालिकेत, जी एकापेक्षा जास्त डिस्क जोडून चालणाऱ्या नॅस मशीनसाठीच विकली जाते, तिच्या २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलमध्ये एसएमआर घातलं होतं आणि कागदावर कुठेच लिहिलं नव्हतं. एक डिस्क गेली म्हणून लोकांनी नवी लावली, आणि सगळा डेटा परत भरताना नवीनच डिस्क दमून रांगेतून बाहेर पडली. अमेरिकेत खटला झाला, तडजोड झाली. त्यानंतर सीएमआरवाल्यांना 'रेड प्लस' असं वेगळं नाव मिळालं. त्याच सुमारास सीगेटच्या काही बॅराकुडा आणि तोशिबाच्या काही पी३०० डिस्कही एसएमआर असल्याचं बाहेर आलं.

ओळखायचं कसं? आपल्याकडे सर्रास मिळणारी सीगेट बॅराकुडाची दोन मॉडेल घ्या. १ टीबीची एसटी१०००डीएम०१०, ६४ एमबी कॅशेची, ही सीएमआर. २ टीबीची एसटी२०००डीएम००८, २५६ एमबी कॅशेची, ही एसएमआर. दोन्ही ७२०० आरपीएम, दोन्हीवर तेच नाव, तोच हिरवा रंग. इथे कॅशेचा मोठा आकडा बघून लोक हरखतात, पण छोट्या क्षमतेच्या डेस्कटॉप डिस्कवर २५६ एमबी कॅशे दिसली की उलट मला शंका येते. ती उदारपणाने दिलेली नसते, कौलांचा पसारा सावरायला दिलेली असते. हा पक्का नियम नाही, मोठ्या सीएमआर डिस्कवरही २५६ असते. पक्कं बघायचं तर मॉडेल नंबर पूर्ण लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर तो शोधा. २०२० च्या गदारोळानंतर कंपन्यांनी आपापल्या याद्या जाहीर केल्यात. दुकानात उभं राहून फोनवर दोन मिनिटांचं काम आहे.

आणखी दोन आकडे डेटाशीटच्या तळाशी असतात. साध्या बॅराकुडावर वर्षाला २४०० तास चालू राहण्याचं गृहीत धरलेलं असतं, म्हणजे दिवसाला साडेसहा तास. वर्षाला ५५ टीबी वाचन-लेखन. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये अशी डिस्क घातली की ती चोवीस तास चालते आणि मग लवकर गेली म्हणून ओरड होते. त्यासाठी स्कायहॉक किंवा पर्पल वेगळ्या असतात. उलट, सीसीटीव्हीची डिस्क पीसीत घालून चालते का? चालते, पण ती अखंड व्हिडिओ लिहीत राहण्यासाठी बनलेली आहे, तिचा तिथे खास फायदा नाही.

'नवीन' डिस्क किती तास चालली आहे?

टंचाईत सर्वात मोठा धोका हा. २०२१ मध्ये चिया नावाचं क्रिप्टो चलन आलं होतं. त्यात ग्राफिक कार्डाऐवजी हार्ड डिस्कची जागा लागायची. लोकांनी गोदामं भरून डिस्क घेतल्या. मग चियाचा भाव पडला. २०२५ च्या जानेवारीत जर्मनीच्या हाइजे या तंत्रज्ञान नियतकालिकाने दाखवून दिलं, की सीगेटच्या एक्सोस डिस्क नव्या म्हणून विकल्या जातायत पण त्या हजारो तास चालून आलेल्या आहेत. बऱ्याचशा चियाच्या गोदामांमधल्या असाव्यात, असा माग निघाला. डिस्क स्वतःची जी नोंद ठेवते, ज्याला स्मार्ट म्हणतात, ती पुसून शून्य केलेली होती. गाडीचा किलोमीटरचा काटा मागे फिरवतात ना, तसंच. पकडलं गेलं ते सीगेटच्या डिस्कमधल्या फार्म नावाच्या दुसऱ्या, खोलवरच्या नोंदीमुळे. त्याच वर्षी मे महिन्यात मलेशियात एका गोदामावर छापा पडला, तिथे जुन्या डिस्कवर नवी लेबलं चिकटवण्याचं काम चालू होतं. सुमारे ७०० डिस्क सापडल्या.

आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, 'पुल-आउट' म्हणजे जुन्या मशीनमधून काढलेल्या डिस्क उघडपणे विकल्या जातात आणि सांगून, कमी किमतीत विकल्या तर त्यात गैर काही नाही. प्रश्न नव्याच्या किमतीत जुनी मिळते तेव्हा. बाजारभावापेक्षा खूपच कमी भाव, सीलबंद पाकिटाऐवजी नुसतं बबल रॅप, 'सेलर वॉरंटी' असा शब्द, यातलं काहीही दिसलं तर सीरियल नंबर मागा आणि कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकून बघा. तारीख कधीची दाखवतंय, आणि डिस्क किरकोळ विक्रीसाठीचीच आहे का, ते तिथे कळतं. दुसऱ्या कंपनीच्या मशीनसाठी गेलेल्या डिस्कला थेट वॉरंटी मिळत नाही.

घरी आल्यावर डेटा टाकायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. 'पॉवर ऑन अवर्स' नव्या डिस्कवर शून्य किंवा अगदी एक आकडी हवेत. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींसमोर कच्चा आकडा शून्य हवा. त्या खराब झालेल्या किंवा होऊ घातलेल्या जागा मोजतात. सीगेट असेल आणि कमांड लिहायचा कंटाळा नसेल तर स्मार्टमॉनटूल्सची नवी आवृत्ती घेऊन फार्मची नोंदही वाचता येते. दोन्हीकडचे तास जुळले नाहीत तर डिस्क परत करा. पण पुढे फसवणाऱ्यांनी फार्मची नोंदही बदलायला सुरुवात केल्याचं समोर आलंय, तेव्हा आकडे जुळले म्हणून सीरियल नंबर तपासायचं सोडू नका. आणि हे परतीची मुदत संपायच्या आत करा, अनेक जण महिनाभर खोकं कपाटात ठेवतात.

मग घ्यायची की थांबायचं?

गरज आज असेल तर आज घ्या, पण गरजेपुरती. "भाव अजून वाढणार" म्हणून ८ टीबी घेऊन ठेवायची आणि १ टीबी वापरायची, याला अर्थ नाही, वॉरंटी घड्याळासारखी संपत असते. पीसीत पहिल्यापासून एसएसडी असेल आणि फोटोंसाठीच डिस्क हवी असेल, तर एसएमआर चालेल, फक्त जाणूनबुजून घ्या आणि त्याप्रमाणे भाव करा. व्हिडिओ एडिटिंग, नॅस, किंवा रोज मोठमोठ्या फाइली इकडून तिकडे करत असाल तर सीएमआरच.

छोट्या २.५ इंची पोर्टेबल डिस्कने काम भागेल का, हेही बरेच जण विचारतात. भागेल, पण त्यातल्या बहुतेक एसएमआर असतात, आणि काहींमध्ये यूएसबीचं पोर्ट थेट डिस्कच्याच बोर्डवर जोडलेलं असतं. ते तुटलं की साध्या केसिंगमध्ये घालून डेटा काढता येत नाही.

राहिला प्रश्न टिकण्याचा. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्या लाखो डिस्कचा हिशोब दर तिमाहीला जाहीर करते. २०२४ मध्ये तिच्याकडे वर्षाला बिघडण्याचं प्रमाण १.५७ टक्के होतं. म्हणजे शंभरातल्या एक-दोन. कमी वाटतं, आणि आहेही. पण त्या डिस्क गार हवेत, न हलता, चांगल्या विजेवर चालतात. आपल्याकडे दिवसात चार वेळा लाइट जाते आणि चालू पीसीला पाय लागतो. चालू डिस्कमध्ये हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, माणसाचा केस त्यापेक्षा हजारो पटींनी जाड. म्हणून फोटो फोनमधून डिस्कवर 'हलवले' आणि फोनमधून पुसले, तर तो बॅकअप नाही. ती एकच प्रत आहे, फक्त जागा बदललेली. दुसरी प्रत कुठेतरी ठेवाच, मग ती जुनी ५०० जीबीची डिस्क का असेना. ती कॅबिनेटमध्ये जोडून ठेवू नका, कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा. वीज आली-गेली तरी तिला काही होत नाही.